बाळाच्या अंगात आईचंच रक्त असतं का?

"पोटातल्या बाळात आईचंच रक्त फिरतं" हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय, आणि नाळ बघितली की तसं वाटणं साहजिकच आहे. पण वारेत (म्हणजे प्लासेंटात, जिला नाळ जोडलेली असते) दोघांचं रक्त शेजारी शेजारी वाहतं, थेट मिसळत नाही (थोड्याफार पेशी इकडच्या तिकडे जातात, तेवढंच), ऑक्सिजन आणि अन्न मात्र मधल्या पातळ पडद्यातून पलीकडे जातं.

बाळ स्वतःचं रक्त स्वतः बनवतं, आणि गंमत म्हणजे त्याचं हिमोग्लोबिनही वेगळं असतं. ११व्या क्रोमोसोमवर गॅमा आणि बीटा ग्लोबिनचे (हिमोग्लोबिन ज्या प्रथिनांपासून बनतं त्यातल्या दोघांचे) जीन जवळजवळच आहेत, पोटात असताना गॅमा चालू आणि बीटा जवळपास बंद, त्यामुळे जे एचबीएफ (गर्भातलं हिमोग्लोबिन) तयार होतं ते ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, म्हणूनच तर आईच्या रक्तातून ओढून घेता येतो. जन्माच्या आसपास गॅमा बंद होत जातो, बीटा वाढतो, सहा महिने ते वर्षभरात बहुतेक बदल झालेला असतो. बीटा थॅलेसेमिया मेजर (बीटा ग्लोबिन नीट न बनण्याचा रक्ताचा गंभीर आनुवंशिक आजार) जन्मतःच दिसत नाही, काही महिन्यांनी दिसतो, तो याचमुळे.

तपासायचंय? आई ओ ग्रुपची आणि बाळ ए किंवा बी ग्रुपचं, अशा जोड्या भरपूर सापडतील. नाहीतर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) रिपोर्ट बघा, नवजात बाळात एचबीएफ निम्म्याहून जास्त, मोठ्या माणसात साधारण १ टक्क्याच्या आत.