लॅपल पिन, सोन्याची (जुन्या पिनांची ओळख व मूल्यांकन)

कोटाच्या पुढील दुमडपट्टीवर, म्हणजे लॅपलवर, लावायचा लहान बिल्ला. संस्थेचे सदस्यत्व, नोकरीतील सेवाकाल किंवा पदवी दर्शविण्यासाठी तो देत असत. सोन्यातील नमुने प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने व ब्रिटन येथील असून आज ते जुन्या बाजारात, लिलावात व वारसांनी काढलेल्या किरकोळ सामानात मिळतात.

उगमाविषयी दोन मते आहेत. एक मत ही परंपरा मध्ययुगीन यूरोपातील निष्ठाचिन्हांपर्यंत नेते. १९६५ मध्ये इंग्लंडमधील डन्स्टेबल येथे उत्खननात सापडलेला हंसाकृती अलंकार (इ. स. १४०० च्या सुमाराचा, ब्रिटिश म्यूझीयम) हा त्याचा मुख्य आधार. तो सोन्याचा असून त्यावर पांढऱ्या मिन्याचे काम आहे, आणि सरदारघराण्याशी बांधिलकी दाखविणारे चिन्ह म्हणूनच तो वापरला जात असावा. दुसऱ्या मतानुसार लॅपल असलेला कोट रूढ झाल्यावाचून लॅपल पिन संभवत नाही. म्हणून तिचा उगम एकोणिसाव्या शतकातील मंडळे, माजी सैनिकांच्या संघटना व विद्यार्थिसंघ यांतच शोधावा. १७७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या फाय बीटा कॅपा या विद्वत्संघाचे पदक सुरुवातीस चांदीचे व चौकोनी होते, ते लॅपलवरचे नव्हते, ही बाब या मताला पूरक आहे. मध्ययुगीन यात्रेकरूंचे बिल्ले तर बहुधा शिसे-कथिलाचे असत. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. हंसाकृती अलंकाराला पूर्वज म्हणण्यापेक्षा समांतर उदाहरण म्हणणे योग्य.

ओळख पटविण्यासाठी पिन उलटी करून भिंगाखाली पाहावी. अमेरिकी पिनांवर ‘१० के’ किंवा ‘१४ के’ (के म्हणजे कॅरट) असा ठसा असतो. त्याबरोबर अपूर्णांक व ‘जी. एफ.’ (गोल्ड फिल्ड) ही अक्षरे असतील, तर वस्तू भरीव सोन्याची नसून स्वस्त धातूवर सोन्याचा पत्रा दाबून बसविलेली असते. ‘१/२० १२ के जी. एफ.’ याचा अर्थ असा, की एकूण वजनाच्या विसाव्या भागाइतके १२ कॅरटचे सोने. म्हणजे शुद्ध सोने २.५ टक्के. ‘१/१० १० के’ असेल तर ते सुमारे ४.२ टक्के भरते. अपूर्णांक झिजून केवळ ‘१२ के’ उरलेल्या पिना फसवतात.

कालनिश्चितीसाठी कायदे उपयोगी पडतात. अमेरिकेत १९०६ पर्यंत शुद्धतेच्या ठशांविषयी संघराज्यीय कायदा नव्हता. त्याआधीच्या ‘१८ के’ वर विसंबू नये. १९०६ च्या कायद्याने अर्ध्या कॅरटची, व डाख असल्यास एकूण एका कॅरटची, घट चालवून घेतली. ही सवलत १९८१ मध्ये बरीच आवळली गेली. म्हणून जुनी ‘१० के’ पिन प्रत्यक्षात ९ कॅरटच्या आसपास भरू शकते, आणि ती लबाडी नव्हे. १९६१ पासून शुद्धतेच्या ठशाबरोबर उत्पादकाची मुद्राही आवश्यक झाली. मुद्रेविना ठसा असलेली पिन त्यापूर्वीची असण्याचा संभव अधिक. मात्र ‘बलू’ हे नाव बहुधा मागच्या पकडीच्या निर्मात्याचे असते, पिनेच्या नव्हे. ही चूक वारंवार होते. टाचणीवर दाबून बसणारी क्लच पकड दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रूढ झाली. स्क्रूची पकड आधीची, पण नंतरही चालू राहिली.

ब्रिटिश ठसे अधिक बोलके आहेत. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचे मुख म्हणजे लंडन, शिवाय वर्षदर्शक अक्षर. ९, १२ व १५ कॅरट १८५४ मध्ये मान्य झाले आणि १२ व १५ कॅरट १९३२ मध्ये रद्द होऊन १४ कॅरट आले. त्यामुळे ‘१५ .६२५’ असा ठसा सापडला, की मधला काळ जवळजवळ निश्चित होतो.

ठसा नसल्यास कसोटीवर कस घेतात. पण पत्र्याच्या वस्तूचा कसही वरच्या सोन्याचाच येतो. क्ष-किरण यंत्रही पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचते, म्हणून जाड पत्रा त्यालाही चकवितो. पाण्यात तोलून काढलेली सापेक्ष घनता (पितळ सुमारे ८.५, १० कॅरट ११.५ च्या आसपास) हा निरुपद्रवी उपाय, मिना किंवा पोकळी असेल तेथे तो निरुपयोगी. कस घेताना वापरायचे आम्ल मिन्याजवळ नेऊ नये.

मोडीची किंमत वजन, शुद्धता व दर यांच्या गुणाकाराने निघते : पकड काढून २ ग्रॅम भरलेल्या १० कॅरटच्या पिनेत शुद्ध सोने सुमारे ०.८३ ग्रॅम. पकड बहुधा साध्या धातूची असल्याने ती तोलात धरणे हा दोष. २२ कॅरटची सवय असलेल्या आपल्याकडील सराफीत असे सोने फिके ठरून केवळ मोड म्हणून घेतले जाते. अटलबरो येथील बॅलफोर (१९१३) किंवा सॉल्ट लेक सिटी येथील ओ. सी. टॅनर (१९२७) यांच्या सेवापिना विपुल असून संग्राहकांकडून फारशी वाढीव किंमत मिळत नाही. त्यांत जडविलेले खडे असल्यास ते वेगळे तपासावेत. अखंड मिना, बंद पडलेली रेल्वे कंपनी किंवा पाठीवर कोरलेले नाव व वर्ष यांमुळे मात्र किंमत मोडीच्या कितीतरी पुढे जाते. अशी पिन वितळविणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांना सेवामुक्तीच्या वेळी दिलेले गरुडचिन्ह सोने म्हणून विकले जाते, पण अधिकृत नमुना मुलामा दिलेल्या पितळेचा, आणि धातूच्या टंचाईत प्लॅस्टिकचाही, होता.