संगणकाची मेमरी आणि स्टोरेज

संगणकात माहिती ठेवायच्या जागा ढोबळमानाने दोन जातीच्या, वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या (रॅम म्हणजे चालू कामाची मेमरी, कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी) आणि वीज नसतानाही टिकणाऱ्या (हार्ड डिस्क, एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची डिस्क, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड). कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात "मेमरी वाढवून द्या" म्हटलं की आधी विचारतात, रॅम का हार्ड डिस्क, कारण फोटोला जागा पायजे असेल तर रॅम घालून काडीचा उपयोग नाही. पण ही वाटणी पहिल्यापासून अशीच होती असं नाही.

कोअर मेमरी: साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकापर्यंत संगणकाची मुख्य मेमरी म्हणजे तारांत ओवलेल्या फेराइटच्या (चुंबकीय पदार्थाच्या) बारीक कड्या, एका कडीत एक बिट (० किंवा १), आणि वीज गेली तरी त्यातलं जात नव्हतं. शोध कुणाचा यावर वाद आहे. संशोधक आन वांग यांचा पेटंट अर्ज १९४९ चा, पेटंट मिळालं १९५५ ला. कडी वाचली की त्यातला बिट पुसतो, म्हणून लगेच परत लिहायचा, ही युक्ती त्यांची. पण त्यांच्या रचनेत माहिती एका कडीतून पुढच्या कडीत सरकायची, मधलीच एखादी थेट वाचायची सोय नव्हती. ती एमआयटी या अमेरिकन विद्यापीठात जे फॉरेस्टर यांनी केली: उभ्या आणि आडव्या तारेत अर्धा-अर्धा करंट सोडायचा, दोन्ही जिथं भेटतात तेवढीच कडी पलटते. १९५३ ला व्हर्लविंड संगणकात ती बसली. आरसीए या अमेरिकन कंपनीचे जॅन राइकमन यांचा अर्ज मात्र फॉरेस्टर यांच्या काही महिने आधीचा आणि त्यावरून कोर्टबाजी झाली, शेवटी आयबीएमने १९६४ ला एमआयटीला १.३ कोटी डॉलर देऊन विषय मिटवला. कागदावर कुणीही पुढं असो, चालणारी मेमरी उभी करण्याचं श्रेय फॉरेस्टर यांच्याकडं जास्त जातं.

डीरॅम (आजची नेहमीची रॅम): रॉबर्ट डेनार्ड, पेटंट १९६८. एका बिटला एक ट्रान्झिस्टर (बारीक स्विच), एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा). कपॅसिटर गळतो म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदाच्या आत सगळं परत भरावं लागतं, लाइट गेली की संपलं. कॅशमधली एसरॅम (रॅमचाच दुसरा प्रकार) सहसा एका बिटला सहा ट्रान्झिस्टरची, वेगवान पण महाग.

हार्ड डिस्क: आयबीएम, १९५६, ५० तबकड्यांत साधारण ५० लाख अक्षरं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, अशा पाण्यात भिजलेली हार्ड डिस्क चालू करून बघू नये. नोंद चुंबकीय असते, ती पाण्यानं पुसत नाही, पण बहुतेक डिस्कना हवेचं बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत गेला असेल तर फिरवल्यावर तबकडी खरवडते. उन्हात वाळवू पण नये, गाळ चिकटून बसतो. ओलसरच पिशवीत बंद करून रिकव्हरीवाल्याकडं न्यायची.

फ्लॅश: तोशिबाचे फुजिओ मासुओका, दोन प्रकार, नॉर १९८४, नँड १९८७. पेन ड्राइव्ह, मोबाईल, एसएसडी सगळं यावरच. विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो, पुसून-लिहून पेशी (भार ठेवायचे बारीक कप्पे) झिजतात. न वापरता वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या एसएसडीतला भार हळूहळू गळतो, त्यामुळं लग्नाचे फोटो एकट्या तिच्यावर ठेवून निर्धास्त राहू नये.