एका स्फटिकाचं पातं

धातू स्फटिकांचे बनलेले असतात, यावर अनेकांचा चटकन विश्वास बसत नाही. स्फटिक म्हणजे पारदर्शक, टोकदार खडा, ही समजूत पक्की असते. खरं तर ज्यात अणू ठरावीक शिस्तीत रचलेले असतात, तो घन पदार्थ म्हणजे स्फटिक. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा उजेडात तिरका धरून पाहा. त्यावरच्या चकाकत्या नक्षीचा एकेक तुकडा म्हणजे जस्ताचा एकेक स्फटिक, धातुशास्त्राच्या भाषेत कण. दोन कण भिडतात ती कणसीमा.

थंड धातूला या सीमा बळ देतात. तापलेल्या धातूत त्याच घात करतात. जेट इंजिनातलं टर्बाइनचं पातं १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापून गरगर फिरत असतं. फिरण्यामुळे बाहेरच्या बाजूला बसणाऱ्या ओढीनं ते हळूहळू लांबतं. हा क्रीप. भेगा सुरू होतात त्या बहुधा ओढीला आडव्या कणसीमांवर, कारण तिथे अणूंची मांडणी विस्कटलेली असते.

मग आडव्या सीमा ठेवायच्याच कशाला? १९६०च्या दशकात प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकी इंजिन कंपनीत फ्रँक व्हरस्नायडर आणि सहकाऱ्यांनी हा विचार तडीस नेला. सिरॅमिकच्या साच्याखाली पाण्यानं गार ठेवलेली तांब्याची चकती असते. निकेलचा वितळलेला मिश्रधातू ओतून साचा भट्टीतून मिनिटाला काही मिलिमीटर इतका सावकाश खाली उतरवतात. धातू तळापासून वर गोठतो, कण खांबांसारखे उभे वाढतात.

खरी कमाल पुढे आहे. चकतीवर असंख्य कण जन्मतात, वाटेल त्या दिशांचे. निकेलच्या अणूंची जाळी घनाकृती. घनाच्या कडेच्या दिशेनं स्फटिक सर्वांत झपाट्यानं वाढतो, झाडासारख्या फांद्या फोडत. या फांद्यांना डेंड्राइट म्हणतात. ज्या कणांची कड उभी, ते पुढे सरकतात. तिरके मागे पडतात आणि शेजाऱ्यांच्या फांद्या त्यांची वाट अडवतात. तीनेक सेंटिमीटरांत बहुतेक तिरके कण संपतात. उरलेले एका अरुंद, पिळाच्या नळीत शिरतात. तिचं नाव पिगटेल. वळणावळणावर भिंत एकेकाला अडवते, वर एकच कण निघतो आणि अख्खं पातं त्याचंच होतं. दिशेची निवड मात्र नळीच्या आधीच झालेली असते.

घनाच्या कडेच्या याच दिशेत धातू सर्वांत कमी ताठ असतो, त्यामुळे तापण्या-निवण्याचा ताणही कमी. शिवाय सीमा नाहीत, म्हणून त्या सांधणारे बोरॉन, झिर्कोनियम जवळपास वगळता येतात. मिश्रधातूचा वितळण्याचा आरंभबिंदू वर जातो, जास्त तापवून गॅमा-प्राइम (मिश्रधातूला बळ देणारे निकेल-ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कणिक) पूर्ण विरघळवता येतो आणि पुन्हा बारीक, सारख्या घनांच्या रूपात बसवता येतो. क्रीपला थोपवतात ते हेच घन.

अशा पात्याला ‘निर्दोष स्फटिक’ म्हणणं चूक आहे. जाळीतले दोष त्यातही असतात. पातं जिथे एकदम रुंदावतं, त्या कोपऱ्यातला द्रव आधी थंडावतो आणि तिथे एखादा परका कण उगवू शकतो. आम्लानं पृष्ठभाग कोरला की तो वेगळ्या छटेत उठून दिसतो, आणि ते पातं बाद करावं लागतं.