ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीतील पाणी

ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेलबरोबर पाणी शिरणे, ते तळाशी साचणे आणि पुढे फिल्टर, इंजिनाला डिझेल पुरवणारा डिझेल पंप व ते फवारणारे नोझल यांच्यापर्यंत पोहोचून इंजिन बिघडवणे, या प्रकाराची ही नोंद आहे. ठाणे जिल्ह्यात ही तक्रार मुख्यतः पावसाळ्यात येते. मुरबाड, शहापूर आणि भिवंडी तालुक्यांतील भातखाचरांत चिखलणीसाठी ट्रॅक्टर ऐन पावसात चालतो, तर ठाणे व नवी मुंबई शहरांत तो पाण्याचा टँकर, राडारोडा किंवा रेती ओढतो आणि रात्री बहुधा उघड्यावरच उभा राहतो.

डिझेलची घनता दर लिटरला साधारण ०.८२ ते ०.८४५ किलो असल्याने मोकळे पाणी त्याच्या तळाशी जाऊन बसते. मात्र टाकीतले सगळेच पाणी असे मोकळे नसते. त्याचा अगदी थोडा अंश डिझेलमध्ये विरघळलेला असतो व तो फारसा अपाय करत नाही. हादऱ्यांनी घुसळून निघालेले पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपाने तरंगत राहते. असे डिझेल गढूळ दिसते आणि निवळायला कित्येक तास लागतात. भारतीय मानक आयएस १४६० नुसार डिझेलमध्ये दर किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालते. त्यात मिसळलेले जैवडिझेल मात्र खनिज डिझेलपेक्षा कितीतरी अधिक ओल धरून ठेवते.

पाणी टाकीत येते कसे, याचे उत्तर बहुतेक वेळा ‘दमट हवेमुळे’ असे दिले जाते. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या बाष्पाचे दव धरते, हे खरेच आहे. पण या कारणाला त्याच्या मापापेक्षा मोठे स्थान मिळाले आहे. बाष्पाने पूर्ण भरलेल्या हवेत ३० अंश सेल्सिअसला दर घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम आणि २५ अंशांना सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. कोकणपट्टीत पावसाळ्यात दिवसरात्रीच्या तापमानातला फरक साधारण इतकाच असतो. म्हणजे टाकीत ५० लिटर पोकळी असली तरी एका रात्रीत अर्धा ग्रॅम पाणीही सुटत नाही, आणि चार महिन्यांची बेरीज ५० ग्रॅमच्या आसपास राहते. पावसात झाकणाविना राहिलेला एखादा कॅन याच्या कितीतरी पट पाणी एका ओतण्यात आत घालतो. टाकीतले पाणी बहुतांशी हातानेच घातले जाते, आणि म्हणूनच ते टाळता येते.

चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर पेट्रोल पंपापर्यंत नेण्याइतकी सवड नसते, म्हणून डिझेल कॅनने खाचराच्या बांधावर आणले जाते. कॅनच्या बुचाभोवतीच्या खोलगट भागात पावसाचे पाणी साचलेले असते आणि बूच फिरवताच ते आत उतरते. टाकीच्या झाकणाभोवतीही तेच घडते. आदल्या वेळचे नरसाळे बांधावर उताणे पडलेले असते. ते झटकून तसेच तोंडाला लावले जाते आणि चिखलाचे थेंब उडत असतानाच ओतणे सुरू होते. झाकणाचे रबरी वायसर कडक होऊन फाटले, की त्याऐवजी प्लास्टिकची पिशवी किंवा कापडाचा बोळा कोंबण्याची पद्धत दिसते. बोळा पाणी अडवत नाही, उलट ते धरून ठेवतो आणि त्याचे धागेही टाकीत सोडतो. झाकण कोरडे पुसणे, जाळीची स्वच्छ गाळणी वापरणे, कॅन काही वेळ स्थिर ठेवून तळाचे दोन बोटे डिझेल न ओतणे आणि पाऊस असेल तर डोक्यावर ताडपत्री धरणे, एवढ्याने यातला मोठा भाग थांबतो. डिझेलसाठी जस्ताचा मुलामा दिलेले डबे वापरू नयेत. जस्ताशी संयोग होऊन डिझेलमध्ये फिल्टर तुंबवणारी साबणासारखी संयुगे तयार होतात.

चुकीचे द्रव भरण्याची चूकही याच घाईतली आहे. जिथे ट्रक आणि ट्रॅक्टर एकाच ठिकाणी उभे राहतात, तिथे डीईएफचे, म्हणजे ट्रकच्या धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाचे, कॅन डिझेलच्या कॅनशेजारी ठेवलेले असतात. डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले पाणी असते. ते डिझेल टाकीत गेले तर पाण्याबरोबर युरियाचे स्फटिकही पंपात पोहोचतात. पेट्रोल गेल्यास पंपाला मिळणारे वंगण कमी होते आणि आगीचा धोका वाढतो. दोन्ही प्रसंगी इंजिन सुरू न करता टाकी रिकामी करणे हाच उपाय आहे.

पाण्याचा खरा फटका डिझेल पंपाला बसतो. त्यातील प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यात काही मायक्रॉनचीच फट असते आणि तिचे वंगण डिझेलच करते. तिथे पाणी आले की धातूवर धातू घासतो, ओरखडे पडतात, आणि ट्रॅक्टर काही दिवस उभा राहिला तर गंज प्लंजर धरून ठेवतो. नोझलच्या तापलेल्या टोकाशी पाण्याची वाफ होऊन टोक झिजते. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले. अशा ट्रॅक्टरवर बहुधा असणारी कॉमन रेल प्रणाली, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून डिझेल पुरवणारी रचना, हजार बारहून (बार हे दाबाचे एकक) अधिक दाबावर चालते आणि थोडेही पाणी सोसत नाही. पाणी महिनोन्‌महिने राहिले, तर डिझेल व पाण्याच्या सीमेवर अमॉर्फोथेका रेझिने यांसारख्या बुरशी वाढतात. त्यांचा काळपट, बुळबुळीत थर फिल्टर बंद करतो आणि त्यांची आम्ले टाकीचा पत्रा खातात.

डिझेलमधले पाणी व गाळ खाली साठवणाऱ्या सेडिमेंटरची वाटी पारदर्शक असेल, तर ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी निदान होते: वर पिवळसर डिझेल, खाली रंगहीन पाणी आणि मधोमध स्वच्छ रेघ. त्या रेघेवर काळे तंतू दिसले तर बुरशी धरली आहे. चढावर किंवा रोटाव्हेटरचा भार पडताच इंजिन धक्के खाणे आणि पांढरा धूर येणे ही पुढची लक्षणे होत. पेट्रोल पंपावर ग्राहकाला डिझेलची घनता तपासून मागता येते व नोंदीपेक्षा दर घनमीटरला ३ किलोपर्यंतचा फरक मान्य असतो. परंतु एक टक्का पाण्याने घनता दोन किलोनेही वाढत नाही, त्यामुळे पाण्यासाठी ही चाचणी अपुरी पडते. त्यासाठी पंपाच्या भूमिगत टाकीत बुडवायच्या मोजपट्टीला रंग बदलणारी जलशोधक पेस्ट लावून पाहावी लागते.

पाणी सापडल्यावर ट्रॅक्टर समतल जागी रात्रभर ठेवून टाकीच्या तळाचे बूच सैल करावे आणि स्वच्छ डिझेल येईपर्यंत बाटलीत काढावे. मग वाटी धुऊन, फिल्टर बदलून, हँड प्रायमरने (हाताने दाबायच्या छोट्या पंपाने) बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढावी. पाणी पंपात गेल्याची शंका असेल तर सेल्फ मारत राहू नये. पंप उघडून तपासणे स्वस्त पडते. काढलेले गढूळ मिश्रण नाल्यात ओतणे मात्र सर्वथा गैर आहे. शहापुरातून वाहणाऱ्या भातसा नदीचे पाणी मुंबई पिते आणि नवी मुंबईचे नाले ठाणे खाडीत उतरतात, जिथे २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले व २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. हे मिश्रण झाकणबंद डब्यात निवळू द्यावे, वरचे डिझेल अवजारे धुण्यापुरते वापरावे आणि खालचा गाळ जळक्या ऑइलबरोबर अधिकृत संकलकाकडे द्यावा.