बसते, पण दिसत नाही: एम.२ आणि एनव्हीएमईची गल्लत

जुन्या लॅपटॉपला एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी, काही न फिरणारी साठवण) टाकायची आहे, कुठली घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "लॅपटॉप कुठला?" हमखास उत्तर येतं, "आय-फाइव्ह." अहो, तो प्रोसेसर झाला. त्यावरून एसएसडी सुचवायची म्हणजे नुसत्या आडनावावरून चपलेचं माप सांगायचं. पण हे एक वेळ चालेल. खरं डोकं फिरतं ते पुढच्या वाक्याला: "एम.२ स्लॉट आहे ना त्याला, म्हणजे एनव्हीएमई चालेलच."

नाही चालणार. म्हणजे चालेलही, पण ते त्या स्लॉटकडे बघून ठरत नाही. एम.२ हा पट्टीसारख्या एसएसडीचा आकार, एनव्हीएमई ही एसएसडीची एक वेगवान जात, दोन्ही एक नव्हेत.

आमच्या सोसायटीतले एक काका. लॅपटॉप २०१५ सालचा, सुरू व्हायला लागला की तेवढ्यात चहा होऊन जायचा. काकांनी व्हिडिओ बघून पाठचं झाकण उघडलं, आत एम.२चा रिकामा स्लॉट दिसला. लगेच ५०० जीबीची एनव्हीएमई मागवली. आली, लावली, टोकाचा बारीक स्क्रूही लागला. पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या आतल्या प्रोग्रामात, तिचं नाव नाही. मग काकांनी ती तीनदा काढून पुन्हा घातली, रॅमला करतात तसं खोडरबराने सोनेरी दात घासले, शेवटी "पीस डेड आहे" म्हणून बदलून घेतली. दुसरीही तशीच गप्प. तेव्हा माझ्याकडे आले. "अरे, बसली तर आहे व्यवस्थित!"

इथेच सगळी मेख आहे.

हार्ड डिस्क आणि एसएसडी यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. एवढंच आठवा, की लॅपटॉपची साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, वर सुई सरकायचा वेळ. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फायली इकडून तिकडून उचलायच्या असतात. एसएसडीत फिरणारं काही नाही, तीच फाइल मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हाती येते. म्हणून जुना लॅपटॉप नवा झाल्यासारखा वाटतो. झालं, हा विषय इथे संपला.

आता मुद्द्याचं. एम.२ हे आकाराचं नाव आहे. २२ मिलिमीटर रुंदीची च्युइंगगमसारखी पट्टी, एका टोकाला सोनेरी दात, दुसऱ्या टोकाला स्क्रूसाठी अर्धगोल. पट्टीवर २२८० लिहिलंय म्हणजे रुंदी २२, लांबी ८० मिलिमीटर. २२४२ म्हणजे लांबी ४२. बस, एम.२ हा शब्द एवढंच सांगतो. त्या दातांतून माहिती कुठल्या रस्त्याने जाणार, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

रस्ते दोन. एक साटाचा, जुन्या हार्ड डिस्कला असतो तोच. साटाच्या तिसऱ्या पिढीची मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिट, हातात पडतात साधारण ५५० एमबी. दुसरा पीसीआय एक्सप्रेसचा, ग्राफिक्स कार्डं वगैरे जोडायचा वेगवान रस्ता. एनव्हीएमई ही त्या दुसऱ्या रस्त्यावर बोलायची भाषा, खास फ्लॅश मेमरीसाठी, म्हणजे एसएसडीतल्या चिपांसाठी, बांधलेली. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या चार लेन मिळाल्या तर सेकंदाला ३,५०० एमबीपर्यंत मजल जाते. साटाची पट्टी साटाच्या तारांवरच बोलते, एनव्हीएमईची पट्टी पीसीआय एक्सप्रेसच्याच. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि मध्ये दुभाषी नसतो.

पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत स्वयंपाकघरात दोन नळ असतात. एकाला कॉर्पोरेशनचं पाणी, दुसऱ्याला बोअरचं. दोन्ही नळ एकाच कंपनीचे, एकाच डिझाइनचे. नुसतं नळाच्या तोंडाकडे बघून सांगा बरं, मागून कुठला पाइप आलाय? एम.२ स्लॉट म्हणजे तो नळ. मागचा पाइप कुठला जोडायचा, हे लॅपटॉप बनवणाऱ्याने मदरबोर्ड आखतानाच ठरवलेलं असतं. काही स्लॉटला फक्त साटा, काहींना फक्त पीसीआय एक्सप्रेस, काही भल्या माणसांनी दोन्ही दिलेले. काकांच्या लॅपटॉपला फक्त साटा होतं.

"मग त्या दातांमधल्या खाचा कशाला?" असं कुणी तरी विचारणारच, कारण अर्धवट ज्ञान इथूनच पसरतं. खाचेला 'की' म्हणतात. साटाच्या एम.२ पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, बी आणि एम. चार लेनच्या एनव्हीएमईला एकच, एम. त्यामुळे दुकानात पट्टी हातात घेऊन "दोन खाचा म्हणजे साटा, एक म्हणजे एनव्हीएमई" हा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो. बऱ्याचदा, नेहमी नाही. इंटेलच्या १६ जीबीच्या ऑप्टेन मेमरीला (हार्ड डिस्कचा वेग वाढवायला लावायची छोटी पट्टी) दोन खाचा होत्या आणि ती चक्क दोन लेनची एनव्हीएमई होती.

आणि हा अंदाजसुद्धा पट्टीपुरताच. स्लॉटच्या बाबतीत खाच फक्त एवढंच ठरवते की पट्टी आत जाईल की नाही. एम खाचेच्या स्लॉटमध्ये एक खाचेची पट्टी बसते आणि दोन खाचांचीही बसते. त्या स्लॉटमागे फक्त साटाच्या तारा असतील तर एनव्हीएमई झकास बसते आणि दिसत नाही. उलट मागे फक्त पीसीआय एक्सप्रेस असेल तर साटाची पट्टी तितकीच झकास बसते आणि तीही दिसत नाही. जळत काही नाही, बिघडत काही नाही, फक्त बायोस गप्प. म्हणूनच लोक पट्टीला दोष देतात, खोडरबर काढतात, पीस बदलून आणतात.

ही गल्लत रुजली कशी, त्यालाही कारण आहे. एनव्हीएमईची पहिली आवृत्ती २०११ची. एम.२चे स्लॉट लॅपटॉपमध्ये २०१३च्या आसपास येऊ लागले आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं त्यांत बहुतेक साटाच्याच पट्ट्या असत. पुढे एनव्हीएमई स्वस्त झाली आणि आज दुकानात "एम.२ द्या" म्हटलं की काउंटरवर एनव्हीएमईच येते. साटाची एम.२ मागितली तर दुकानदार फडताळात शोधायला लागतो. त्यामुळे बाजारात एम.२चा अर्थ एनव्हीएमई असा होऊन बसला, पण तुमच्या घरातल्या जुन्या लॅपटॉपला ही बातमी पोचलेली नाही.

मग ओळखायचं कसं? लॅपटॉप उलटा करा, खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या. पूर्ण, म्हणजे आडवी रेघ आणि तिच्यापुढची अक्षरंसुद्धा. जाहिरातीतल्या नावावर जाऊ नका, एका नावाखाली चार वेगळे मदरबोर्ड विकले जातात. त्या नंबरचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर शोधा आणि स्टोरेजच्या पानावर स्लॉटपुढे 'साटा' लिहिलंय की 'पीसीआयई', ते बघा. नुसतं 'एम.२ एसएसडी' लिहिलं असेल तर त्या ओळीचा काही उपयोग नाही, पुढे वाचत राहा. स्लॉटमध्ये आधीच पट्टी असेल तर काम सोपं: लिनक्सवर 'एलएसबीएलके' (lsblk) या कमांडला ट्रान (TRAN) रकाना दाखवायला सांगितलं की तो साटा किंवा एनव्हीएमई असं सरळ छापतो, विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम तेच सांगतो. लॅपटॉपच्या कागदपत्रात इंटेल ऑप्टेनची सोय दिली असेल तर त्या स्लॉटमागे पीसीआय एक्सप्रेस आहे, हे जवळपास पक्कं समजा.

तारा जुळल्या तरी एक फाटक उरतं. एनव्हीएमईवरून लॅपटॉप सुरू व्हायचा तर फर्मवेअरला, म्हणजे बायोसलाच, ती भाषा यायला हवी. जुन्या बायोसला ती येत नाही. दुसऱ्या डिस्कवरून विंडोज सुरू झाल्यावर ड्राइव्ह दिसते, पण तिच्यावरून बूट होत नाही, म्हणजे लॅपटॉप सुरू होत नाही. विंडोज ७ला तर एनव्हीएमईचा ड्रायव्हर वरून द्यावा लागतो, ८.१पासून तो आतच आहे.

आता माझं ठाम मत, पटो न पटो. २०१६-१७च्या आधीचा लॅपटॉप असेल आणि त्यात अडीच इंची हार्ड डिस्कची जागा असेल, तर ती काढून तिथे अडीच इंची साटा एसएसडी टाका आणि एम.२चा नाद सोडा. "पण एनव्हीएमई सहापट फास्ट!" हो, एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तेव्हा. विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना जे होतं ते चार-चार केबीचे तुकडे वेचणं. तिथे हार्ड डिस्क सेकंदाला एक एमबीसुद्धा काढत नाही, साटाची एसएसडी वीस-तीस एमबी काढते, आणि एनव्हीएमई त्याच्या साधारण दुप्पट. पहिली उडी डोळ्यांना दिसते, दुसरी स्टॉपवॉच लावून शोधावी लागते. जुन्या ड्युअल-कोर प्रोसेसरवर तर तीही सापडणं मुश्कील. त्या सहापटीसाठी जिवाचं रान करणाऱ्यांनी उरलेल्या पैशांत रॅम वाढवावी.

बाकीचं थोडक्यात. एमसाटा हा एम.२च्या आधीचा, आखूड आणि रुंद चौकोन, वायफायच्या जुन्या कार्डासारखा दिसणारा. लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स२३० लॅपटॉपमध्ये तो आहे, पण त्याला साटाची दुसरी पिढीच मिळते, ३ गिगाबिटची. तिथे एसएसडी मुख्य जागेतच घाला. कुठल्याही लॅपटॉपची जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड असेल आणि एसएसडी सात, म्हणून ती खुळखुळली तर प्लॅस्टिकची चौकट लावा. डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावणार असाल तर तिच्यात हार्ड डिस्क ढकला, एसएसडी नाही. मॅकबुक एअरच्या २०१३ ते २०१७च्या पट्ट्यांना ॲपलचं स्वतःचं कनेक्टर आहे, ते एम.२ नाही. आणि एसएसडी कृपा करून डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली सलग लावणं) करू नका.

काकांचं काय झालं? त्यांच्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा गेली, चहाची वेळ गेली. एनव्हीएमईचं खोकं फोडलेलं असल्यामुळे ती कुणी परत घेईना. मी म्हटलं, बाहेरून यूएसबीवर वापरू, मी केस, म्हणजे पट्टी ठेवायची डबी, मागवतो. ऑनलाइन 'एम.२ एसएसडी केस' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं, स्वस्त होती, मागवली. दोन दिवसांनी काकांच्या जेवणाच्या टेबलावर ती उघडली, पट्टी लावायला गेलो, आत जाईना. केस फक्त साटाची, बी खाचेची. हे तिच्या पानावर तळाशी लिहिलेलंही होतं, मी वाचलं नव्हतं.

काकांनी चष्मा वर केला. "अरे, तुझी तर बसतसुद्धा नाही!"