'आय', 'मी' आणि 'माका': इंग्रजी सर्वनामांच्या दोन रूपांची पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या मुलांना इंग्रजी सर्वनामं शिकवताना एक अडचण हमखास येते. 'आय' म्हणजे मी, आणि 'मी' म्हणजे मला! घरी 'मला'ऐवजी मालवणी 'माका' म्हणणाऱ्या पोराला इंग्रजीतला 'मी' आपलाच वाटतो आणि ते बिनधास्त 'मी गो होम' लिहून मोकळं होतं. वहीत लाल रेघ पडते. मला या चुकीबद्दल आपुलकी वाटते, कारण तिच्या मुळाशी खरं नातं आहे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांनाही विभक्ती होती. 'ताईने मांजराला हाकललं' म्हणा किंवा 'मांजराला ताईने हाकललं' म्हणा, पळतं मांजरच; 'ने' आणि 'ला' अर्थ सांभाळतात. जुन्या इंग्रजीतही शब्दांना अशी मोकळीक होती. सर्वनामांची रूपं तर आजच्याहून जास्त होती: 'त्याला'साठी द्वितीयेचं 'हिने' आणि चतुर्थीचं 'हिम' अशी दोन. पुढे चतुर्थीनेच दोघींचं काम उचललं, म्हणून आजचं 'हिम'.

मग प्रत्यय गळाले. इंग्रजीत आघात शब्दाच्या सुरुवातीला पडे, त्यामुळे शेवटचे स्वर पुसट होत गेले. स्कँडिनेव्हियातून येऊन उत्तर आणि पूर्व इंग्लंडात वसलेल्या नॉर्स लोकांची भाषा जवळचीच, धातू सारखे पण प्रत्यय वेगळे. त्या सरमिसळीनेही झीज वाढली असावी. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर दरबारी भाषा फ्रेंच झाली आणि इंग्रजीला लेखी वळण लावणारं कोणी उरलं नाही. नामं उघडी पडली. जुनी रूपं टिकली ती रोज तोंडात असलेल्या सर्वनामांत. 'दे' (ते) आणि 'देम' (त्यांना) मात्र मूळची इंग्रजी नव्हेत, नॉर्सकडून आलेली, आणि तीही एकदम आली नाहीत: १४००मध्ये वारलेला कवी चॉसर कर्त्यासाठी 'दे' लिहितो, पण कर्मासाठी जुनं 'हेम'.

यातला मला सर्वांत प्रिय भाग पुढे आहे. आपण म्हणतो 'माका आंबो आवडता', 'माका वाटता'. आवडणं, वाटणं आपण करत नाही. ते आपल्याला होतं. जुनी इंग्रजी अगदी हेच म्हणे. 'मेथिंक्स' या जुन्या शब्दातला पहिला भाग म्हणजे 'मला' आणि दुसरा 'वाटतं'. 'लाइक'चा मूळ अर्थही 'आवडणं, रुचणं', आणि ज्याला आवडे तो चतुर्थीत. प्रत्यय गळाल्यावर वाक्याच्या तोंडाशी बसेल तो कर्ता, असं ठरत गेलं आणि 'मला आवडतं'चं 'आय लाइक' झालं. आपल्या मुलांना ही वाक्यं जड जातात ती त्यामुळेच: मराठीने जी चतुर्थी जपली, ती इंग्रजीने सोडली.

कर्माच्या रूपाने कर्त्याची जागा घेतल्याचं इंग्रजीतलं ठळक उदाहरण 'यू'. आधी कर्ता 'यी' आणि कर्म 'यू'. १६११च्या बायबलच्या भाषांतरात हा भेद सांभाळलेला दिसतो. बोलण्यात मात्र 'यू'ने दोन्ही जागा घेतल्या.

मराठीतही असंच घडलं आहे. संस्कृत 'अहम्' आणि जुनं इंग्रजी 'इच', म्हणजे आजचं 'आय', ही एकाच मुळाची. कोकणीतलं 'हांव' त्याच घराण्यातलं. मराठी 'मी' मात्र 'मया'पासून, म्हणजे तृतीयेपासून आलेला आणि कर्त्याच्या पाटावर बसलेला. 'त्याने खाल्लं' म्हणताना 'ने' लागतो, पण 'मी खाल्लं' म्हणताना लागत नाही, कारण 'मी'त तृतीया आधीच आहे. इंग्रजी 'मी'ही 'म'च्याच घरातला, फक्त तिथे तो कर्माच्या जागेवर राहिला.

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. ही भावंडं वाचकासमोर अशी एकत्र आली.

इंग्रजी 'मी'ही पूर्ण जागच्या जागी नाही. १७६२मध्ये रॉबर्ट लाउथच्या व्याकरणाने 'असणे' या क्रियापदानंतरही प्रथमाच हवी, म्हणजे 'इट इज आय', असा नियम सांगितला. तो लॅटिनच्या वळणाचा. लोकांनी तो फारसा मानला नाही. पडवीतून कोणी 'कोण?' विचारलं की खळ्यातून उत्तर येतं 'मी'. लंडनमध्ये दारावर थाप पडली तरी आतल्याला ऐकू येतं ते 'मी'च.