फिट मेंदूत कुठून सुरू होते? शोधाची पार्श्वभूमी

औषधं चालू असूनही अपस्माराच्या (एपिलेप्सीच्या) फिट थांबत नाहीत अशा माणसाची फाइल उघडली की बऱ्याचदा त्यात एक कागद सापडतो: 'एमआरआय ब्रेन, नॉर्मल'. ठाणे, वाशी, नेरुळ, पनवेल, कुठेही एमआरआय आता सहज होतो. घरचे समजतात, मेंदूत काही नाही. पण त्या कागदाचा अर्थ एवढाच असतो, की त्या पद्धतीने काढलेल्या चित्रात ते पाहणाऱ्याला काही दिसलं नाही. हा फरक कळण्यासाठी चित्रं नव्हती त्या काळापासून सुरुवात करावी लागते.

लंडनच्या क्वीन स्क्वेअर हॉस्पिटलात 25 मे 1886 रोजी सर्जन व्हिक्टर हॉर्सली यांनी 22 वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतला जुन्या जखमेचा व्रण कापून काढला. एक्स-रेचा शोध लागायला अजून नऊ वर्षं होती. जागा ठरली ती कवटीवरच्या जुन्या खुणेवरून आणि फिट अंगात कशी पसरते त्यावरून. फिटचा हा क्रम वाचायला शिकवलं न्यूरोलॉजिस्ट ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी. झटके अंगठ्यापासून सुरू होऊन हातातून चेहऱ्याकडे सरकले, तर मेंदूतही ते त्याच वाटेने सरकलेले असतात, म्हणजे उगम अंगठ्याच्या जागेपाशी. न्यूरोलॉजिस्ट आजही आधी हेच विचारतो. म्हणून मोबाइलवर फिटचा व्हिडिओ काढताना चेहरा आणि दोन्ही हात दिसू द्यावेत, माणसाला नावाने हाक मारत राहावं, आणि तो पुन्हा नीट बोलेपर्यंत कॅमेरा बंद करू नये. फिटनंतर बोलायला किती वेळ लागला, यावरूनही उगम मेंदूच्या कोणत्या बाजूला, हे कधी कळतं.

एक्स-रे आला, पण त्यात दिसते कवटी, मेंदू नाही. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी 1918-19 मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढला. रुग्णाला भयंकर डोकेदुखी आणि उलट्या व्हायच्या, आणि दिसायचा फक्त पोकळ्यांचा आकार. मोठी गाठ असेल तर ती पोकळी ढकलते म्हणून कळायची, बारीक दोष नाही. हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये माणसाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, प्रसिद्ध केला आणि पुढची चाळीस वर्षं उगम शोधण्याची खरी मदार त्यावर राहिली. माँट्रियलला न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे शिकून आलेल्या जेकब चँडी यांनी 1949 मध्ये वेल्लोरला भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला आणि 1952 मध्ये तिथे अपस्मारावर शस्त्रक्रिया केली, तीही सीटी स्कॅन जन्मायच्या कितीतरी आधी.

सीटीचा पहिला रुग्ण लंडनचा, 1 ऑक्टोबर 1971. भारतात सीटीने एक वेगळंच कोडं समोर आणलं. फिट आलेल्या अनेकांच्या स्कॅनमध्ये 20 मिमीपेक्षा लहान, डाय दिल्यावर कडेने उजळणारं एकच कडं दिसायचं. ती टीबीची गाठ समजून लोकांना महिनोन्महिने टीबीची औषधं दिली गेली. वेल्लोरच्या डॉक्टरांनी त्यातल्या काही गाठी काढून तपासल्या आणि 1989 मध्ये दाखवून दिलं, की त्यात टेपवर्मची अळी आहे. अशी बरीच कडी काही महिन्यांत आपोआप विरतातही. 'आम्ही तर शाकाहारी' हे आपल्याकडे नेहमी ऐकू येतं. पण टेपवर्मची अंडी दूषित पाण्यातून, कच्च्या भाज्यांतून आणि न धुतलेल्या हातांतून पोटात जातात. डाग दिसणं आणि तो कशाचा हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडच्या रुग्णांना फार किंमत मोजून कळलं.

एमआरआयने खरी उलथापालथ केली ती हिप्पोकॅम्पसमुळे. कानशिलाच्या आत खोलवर असलेला हा भाग फिटच्या रुग्णांत आक्रसतो, हे झोमर यांनी 1880 मध्येच मृतांच्या मेंदूत पाहिलं होतं. 1990 च्या सुमारास तो जिवंत माणसात दिसू लागला: आकाराने लहान आणि टी-2 चित्रात (टी-1, टी-2, फ्लेअर हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार) जास्त उजळ. पण तो दिसण्यासाठी काप कसे घेतले हे महत्त्वाचं. नेहमीच्या तपासणीत काप साधारण 5 मिमी जाड असतात, मध्ये फटी सोडलेल्या. बारीक दोष त्या फटीत हरवतो किंवा शेजारच्या भागात मिसळून जातो. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 मध्ये सुचवलेली पद्धत अशी: 1 मिमीचं त्रिमितीय टी-1, 1 मिमीचं त्रिमितीय फ्लेअर, आणि हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात 2 मिमीचे, फट न ठेवता घेतलेले टी-2 काप. डाय दरवेळी लागत नाही. चिठ्ठीवर 'एपिलेप्सी प्रोटोकॉल' आणि संशयाची जागा, म्हणजे 'उजवा टेम्पोरल' (उजव्या कानशिलाआतला भाग) असं लिहिलेलं नसेल, तर सेंटर नेहमीचीच तपासणी करतं, आणि त्यात त्यांची चूक नाही.

वाचणारा कोण, हेही तितकंच महत्त्वाचं. जर्मनीतल्या 2002 च्या एका अभ्यासात नेहमीचा एमआरआय सामान्य वाचनात 39 टक्के रुग्णांत दोष दाखवत होता. तीच चित्रं तज्ज्ञांनी वाचली तेव्हा 50 टक्के. खास पद्धतीने काढून तज्ज्ञांनी वाचली तेव्हा 91 टक्के. दुसऱ्या मतासाठी फिल्म पुरत नाही. सेंटरकडून सर्व चित्रांची सीडी मागून घ्यावी.

तरीही काही दिसलं नाही तर वळतात पेट आणि स्पेक्टकडे, म्हणजे शरीरात किरणोत्सारी द्रव्य सोडून काढलेल्या चित्रांकडे, आणि इथे ही गोष्ट आपल्या शेजारी येते. देशाचं पहिलं पेट मशीन 2002 मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसलं, आणि स्पेक्टला लागणाऱ्या टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचा पुरवठा करणारी अणुऊर्जा विभागाची संस्था, ब्रिट, वाशीत आहे. पेटमध्ये फिट नसताना कमी साखर वापरणारा भाग दिसतो. तो खऱ्या उगमापेक्षा मोठा असतो, म्हणून त्यावरून बाजू सांगता येते, कापायची सीमा नाही. तपासणीच्या वेळी नकळत फिट आली तर उगमच उजळतो आणि निरोगी बाजू दोषी वाटू लागते. म्हणून सोबत ईईजी लावलेला बरा.

फिटच्या वेळी रक्तप्रवाह कुठे वाढला ते दाखवणारं स्पेक्ट त्याहून अवघड. फिट सुरू झाल्यावर काही सेकंदांत इंजेक्शन द्यावं लागतं, म्हणून व्हिडिओ ईईजीच्या खाटेजवळ भरलेली सिरिंज घेऊन कुणीतरी बसून राहतं. उशीर झाला तर रक्तप्रवाह आधीच दुसरीकडे पसरलेला असतो आणि चित्र चुकीची जागा दाखवतं. टेक्नेशियम दर 6 तासांनी निम्मं होतं. दिवसभर फिट आलीच नाही तर डोस वाया जातो.

हे सगळं एका जागेकडे बोट दाखवत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. दिल्लीच्या एम्समध्ये 116 मुलांवर झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 77 टक्के मुलं फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवर 7 टक्के. चित्र आणि ईईजी यांचं जुळत नसेल तर मेंदूत बारीक इलेक्ट्रोड घालून नोंद घ्यावी लागते. पॅरिसच्या तालेराक आणि बांको यांनी ही पद्धत 1950 च्या दशकाअखेरीपासून घडवली.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट निसटते. दोन वर्षांच्या आत मेंदूतलं पांढरं द्रव्य पुरतं तयार झालेलं नसतं, त्यामुळे कॉर्टेक्समधला (मेंदूच्या बाहेरच्या थरातला) जन्मजात दोष तेव्हाच्या एमआरआयमध्ये लपून राहू शकतो. अशा बाळाचा 'नॉर्मल' रिपोर्ट जपून ठेवावा, आणि फिट चालू असतील तर अडीच वर्षांच्या सुमारास तपासणी पुन्हा करून दोन्ही चित्रं शेजारी ठेवून वाचून घ्यावीत.